बियाण्याची भाकर

"ते समदं ठीक हाय. खायाचं काय?"

आमच्या ऑफिसातली कुठलीही मीटिंग असो, बाईंचं हे वाक्य ठरलेलं. पडद्यावर रंगीत तक्ते सरकत असायचे, कुणीतरी 'शाश्वत', 'सर्वसमावेशक' असले शब्द पेढ्यासारखे तोंडात घोळवत असायचं, आणि बाई स्टीलची पाण्याची बाटली टेबलावर आपटायच्या. मग हे वाक्य. पाहुणे परदेशी असले तर हेच इंग्रजीत, पण चाल तीच. लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

बाई कोण ते आधी सांगतो. सिडकोत आमचं ऑफिस. बाहेरच्या देशांच्या पैशावर चालणारी संस्था, दारावर 'अन्नसुरक्षा' असं मोठ्या अक्षरात. माझ्याकडं पाहुण्यांची उठबस: गाड्या, हॉटेल, विमानतळ, वेरूळची तिकिटं. बाईंकडं गावं. त्या करमाडकडच्या शेतकरी घरातल्या, शेतकी कॉलेजात शिकलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या. हेल्मेटखाली पांढरा रुमाल बांधून स्कूटीवर दौलताबादचा घाट चढायच्या. तुमच्याही ऑफिसात असेल बघा अशी एक बाई, जिला सगळे टरकून असतात आणि अडलं की तिच्याकडंच जातात.

एकदा जालना रोडवरच्या बड्या हॉटेलात आमची परिषद होती. विषय भूक. जेवणाच्या वेळी बाई उष्ट्या ताटांच्या टबाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ताटात डोकावायला लागल्या. एका गोऱ्या तज्ज्ञाच्या ताटात अर्धा पुलाव. बाईंनी त्याची वाट अडवली. पोट भरलं, असं तो इंग्रजीत म्हणाला.

"मग घेतलं कशाला, बाबा?" हे मात्र मराठीतच.

त्या भल्या माणसाला काय कळायचं ते कळलं. त्यानं उभ्या उभ्या शेवटच्या शितापर्यंत ताट संपवलं. पुढच्या वर्षी आला तेव्हा जेवण झाल्यावर बाईंना शोधत आला आणि चकचकीत रिकामं ताट दाखवून गेला. त्या दिवशी मात्र बाई खुदकन हसल्या होत्या.

पण त्यांचा खरा जीव होता तो एका खोलीत. खुलताबादच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. तिथं पूर्वी एक गावठी शाळू ज्वारी व्हायची. हलक्या रानात, नुसत्या ओलीवर येणारी. पाऊस लवकर तोंड फिरवून गेला तरी कणीस धरणारी. पुढं कापूस आला, मका आली, अद्रक आली, आणि ही ज्वारी गेलीच. बाईंनी घरोघर हिंडून, कुणाच्या मडक्यातली, कुणाच्या गाडग्यातली मूठ मूठ गोळा केली. बायकांचा गट केला. वर्षामागून वर्षं बांधाकडेला पेरून, कणसं निवडून, ते बियाणं वाढवलं. गटाच्या खोलीतल्या दोन कोठ्या भरल्या तेव्हा बाईंनी ऑफिसात सगळ्यांना जिलेबी वाटली होती.

त्या कोठ्या मी पाहिल्यात. आत ज्वारीला राख चोळलेली, मधे कडुलिंबाच्या पाल्याचे थर. गटाची म्होरकी गयाबाई. माप घालताना ती पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. बाई तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि सांडलेला दाणा न् दाणा टिपायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या गटाला पुरेल एवढं बियाणं झालं होतं. भादवा सरत आला होता, पेरणी तोंडावर होती.

आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची मोठी फेरी आली.

कितीतरी देशांची माणसं. आमच्या साहेबांच्या अंगात आलं. गावात मांडव, बॅनर, फेटे, लेझीम. त्यात साहेबांनी बाईंना न सांगता टूम काढली: जेवणात त्याच गावची, तीच दुर्मीळ ज्वारी हवी. पाहुण्यांनी तिची चव घेतली पाहिजे! बाईंना इंग्रजी चांगलं येतं म्हणून त्यांना माझ्याबरोबर चिकलठाण्याला विमानतळावर पाठवलं. आणि मांडवासाठी ठेवलेला एक इव्हेंटवाला आदल्या दिवशीच गावात जाऊन बसला.

पुढचं मला नंतर गयाबाईनं सांगितलं. त्यानं कोठ्यांकडं बोट दाखवलं. गयाबाई म्हणाली, "आवो, ते बियाण्याचं हाय. खायाचं नाय ते." तो साहेबांशी फोनवर बोलला आणि म्हणाला, ताईंचाच निरोप आहे, काढा, तुम्हाला नवीन बियाणं येतंय पिशव्यांतून, कार्यक्रमात वाटायचंय.

गावात बाईंना ताई म्हणत. ताईंचा निरोप. संपलं. बाईंच्या नावावर त्या बायकांनी विहिरीत उडी घेतली असती. त्यांनी ज्वारी उपसली, पाला वेचला, राख धुतली, दाणे उन्हात वाळवले आणि गिरणीत धाडले. पाहुणे, अधिकारी, अख्खं गाव, सगळ्यांना पुरायला पाहिजे ना! दोन्ही कोठ्या झाडून काढल्या. आजही हे लिहिताना माझं डोकं सणकतं. अरे, शेतीच्या नावानं पगार खाता ना तुम्ही? बियाणं आणि दाणा यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहुण्यांना घेऊन पोचलो. ओवाळणं झालं, पंगत बसली. बाई पाहुण्यांच्या ओळीत बसल्या होत्या. भाकरीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गये, काय गोड भाकर हाय गं! कुठली ज्वारी?"

गयाबाई पदरानं घाम पुसत कौतुकानं म्हणाली, "आपलीच की, ताई. कोठीतली. तुमीच न्हाई का निरोप धाडला?"

बाई उठल्या. हात न धुता खोलीकडं गेल्या. मी मागोमाग गेलो. कोठीचं झाकण उघडून त्यांनी आत हात घातला, पार खांद्यापर्यंत. तळाला नुसती राख होती. बाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "म्या न्हाई सांगितलं रे."

"मला माहितीय, बाई."

"त्यांना न्हाई ना माहीत."

आम्ही परत आलो तेव्हा माईक साहेबांच्या हातात होता. भावी पिढ्यांचं अन्न आपल्या हाती सुरक्षित आहे, असं काहीतरी चाललं होतं. बाईंनी सरळ जाऊन माईक काढून घेतला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही आत्ता जे खाल्लंत ते बियाणं होतं. यंदा पेरायचं. दुसरं नाही."

साहेब हसत पुढं आले. "मॅडम, काय हे! देऊ की दुसरं. प्रमाणित बियाणं आणलंय आपण. चला, उशीर होतोय, पाहुण्यांना वेरूळ करायचंय."

पाहुण्यांत इथिओपियाची एक शेतकरीण होती, साठीची. त्यांच्याकडंही ज्वारीच पिकते. तिच्या दुभाष्यानं बाईंचं बोलणं तिला सांगितलं, तशी तिनं हातातला तुकडा खाली ठेवला. ती गयाबाईजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि काहीतरी बोलली. दुभाष्यानं ते इंग्रजीत केलं, बाईंनी मराठीत.

"ती म्हणती, आमच्याकडं बी एकदा बियाणं खाल्लं होतं. दुष्काळात. लेकरं भुकेनं रडत होती म्हणून. इथं कोण रडत होतं?"

आणि निरोप आपण धाडलाच नव्हता, हेही बाईंनी सांगितलं. तेव्हा कुठं बायकांना उमगलं की निरोप खोटा होता. गयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. साहेब गाडीत जाऊन बसले, एसी लावून.

मग त्या इथिओपियाच्या बाईनंच विचारलं, घरात कुठं कणसं टांगलेली आहेत का? तिच्याकडं टांगतात म्हणे. आपल्याकडंही सुगी झाली की दाराच्या चौकटीला कणसांचा झुबका बांधतात, चिमण्यांसाठी, लक्ष्मी म्हणून. बाई, गयाबाई आणि ती परदेशी म्हातारी घराघरांच्या दारांशी जाऊन झुबके सोडवायला लागल्या. बहुतेक चिमण्यांनी रिकामे केलेले, बरेच किडलेले. निघालं ते एका ओंजळीत मावलं. बाकी पाहुणे तोवर वेरूळला कैलास बघत होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांसमोर संस्थेची अब्रू घालवली, लेखी माफी द्या. खोटा निरोप कुणी दिला, याची चौकशी? छे! त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. बाईंनी माफी दिली नाही, राजीनामा दिला. आणि आम्ही सगळे संगणकात तोंड खुपसून बसलो असताना स्टीलची बाटली पिशवीत टाकून निघून गेल्या.

गावात त्या ओंजळीतलं थोडंसं उगवलं. चार हातांची पट्टी म्हणा. गयाबाई सकाळ-संध्याकाळ तिथं बसून पाखरं हाकते. मी गेलो की तिचं एकच विचारणं: "ताई का येईनात वं? रागं भरल्या व्हय आमच्यावर?"

हे सांगायला मी करमाडला बाईंच्या घरी गेलो होतो. भावाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. अंगानं वाळल्या होत्या. म्हटलं, बाई, एकदा जाऊन या, बायका वाट बघतात.

"कुठल्या तोंडानं जाऊ?" त्या म्हणाल्या. "कुलूप फोडून नेलं असतं तर पोलिसात गेले असते. त्यांनी माझं नाव घेतलं रे. माझं नाव घेतलं आन् बायांनी उपसून दिलं. उद्या खरा निरोप धाडला तर कोण विश्वास ठेवंल? का ठेवावा?"

बाईंनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं आणि आत चहा टाकायला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही. फोन त्या उचलत नाहीत.

मागच्या महिन्यात संस्थेचा अहवाल छापून आला. जाड, गुळगुळीत. मुखपृष्ठावर त्या पंगतीचा फोटो आहे, खाली इंग्रजीत 'अन्नसुरक्षेसाठी एकत्र'. साहेबांनी तोच फोटो मोठा करून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय. मी दोनदा काढून ठेवला, दोनदा परत लागला. त्यात ओळीच्या टोकाला बाई बसल्यात. हातात भाकरीचा तुकडा, गालात घास. त्या गयाबाईकडं बघून हसतायत, आणि गयाबाई त्यांना काहीतरी सांगण्यासाठी वाकली आहे.