बिरूआप्पांचा अकरा किलोमीटरचा फाटा

दर शे-दीडशे पावलांवर बिरूआप्पा थांबायचे, पूर्ण मागे वळायचे, डोळ्यांवर हात धरून लांबवर बघायचे आणि मगच पुढे चालू लागायचे. मुख्य लाइनीवर असं करणाऱ्याला कोणी हसणार नाही. पण आप्पा चालायचे त्या फाट्यावर महिन्या-दोन महिन्यांतून एखादी मालगाडी यायची, तीही आदल्या दिवशी फोनवर कळवून. पहिल्याच दिवशी त्यांच्या मागे चालताना मला ऊन असह्य झालं होतं आणि हे वळून बघणं त्याहून असह्य. शेवटी राहवलं नाही.

"आप्पा, आज गाडी नाहीये. माहितीये ना आपल्याला?"

"आपल्याला म्हाईत हाय, म्याडम," ते शांतपणे म्हणाले, "गाडीला कुटं म्हाईत हाय?"

मी नुकतीच ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाले होते. पुण्यात वाढलेली, रुळाविषयी पुस्तकातलं सगळं येत होतं, म्हणजे फारसं काही येत नव्हतं. कागदावर मी आप्पांची साहेब. आप्पा चावीवाले. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या हादऱ्यांनी आणि उन्हाथंडीनं सैल होतात. रोज सगळी लाइन पायी बघायची आणि सैल चावी हातोड्यानं ठोकून बसवायची, हे चावीवाल्याचं काम. जाताना डावा रूळ, येताना दुसरा. आप्पांनी हे तीस वर्षं केलं आणि त्यात त्यांना कंटाळा नावाची गोष्ट कधी भेटली नाही.

हा फाटा दौंडजवळ मुख्य मार्गातून फुटतो. जुनी माणसं सांगतात, तो मुळात शिरूरला जाणार होता. अकरा किलोमीटर गेला आणि भीमेच्या अलीकडेच, खताच्या गोदामांपाशी, थांबला. पुढे पूल झाला नाही, रस्ते मात्र झाले, आणि खत ट्रकनं येऊ लागलं. आप्पांची सासुरवाडी शिरूरकडची. त्यांना लाइन बंद पडलीय असं म्हटलेलं खपत नसे. "शिरूरला निघाली व्हती, वाटंत जरा टेकलीय," असं म्हणायचे, जणू एखादी म्हातारी पाहुणी पारावर बसली आहे.

त्यांचं घर खुटबावला. आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागे चाललेले. वडिलांनी जमीन धरली आणि घर एका जागी बसलं. "घर बसलं, म्याडम, पाय बसलं न्हाईत. म्हनून तर ही नोकरी." उंच, काटक, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा हलका की लाइन दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या माणसांना तो ऐकण्यासाठी आपापसातली बडबड थांबवावी लागे. इतक्या कमी आवाजात एवढा धाक असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

एकदा लाइनीलगतच्या एका बागायतदारानं गोठ्यासमोर चिखल होतो म्हणून रुळाखालची दोन-तीन गाड्या गिट्टी उचलून नेली. मी तक्रारीचा मसुदा करायला बसले. भाषा चांगली कडक जमली होती. आप्पा म्हणाले, "लिवा तुमी. तवर मी आनतो." दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ते घमेलं घेऊन त्या गोठ्यात गेले आणि गिट्टी भरून डोक्यावर आणू लागले. भांडण नाही, शिवी नाही. दिवसाला आठ-दहा खेपा. चौथ्या दिवशी बागायतदाराची बायको नवऱ्याला म्हणाली म्हणे, "आता मला गावात तोंड दाखवायची सोय ठेवा," आणि उरलेली गिट्टी त्यांच्याच ट्रॅक्टरनं परत आली. माझा कडक मसुदा अजून माझ्या फाइलीत आहे.

मला काम त्यांनीच शिकवलं. हातोडा हलका मारायचा आणि ऐकायचं. घट्ट चावी खणखणीत बोलते, सैल चावी नाकात. मला सुरुवातीला सगळ्याच सारख्या वाटत. "घाई करू नगा," ते म्हणत. "न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हना. कळल्यावानी करू नगा, तेवढं सोडून कायबी चालंल."

मग ते पत्र आलं. फाटा ठेवायचा की बंद करून रूळ उचलायचे, हे ठरवण्यासाठी वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते. गँगमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. नोकऱ्या कुणाच्या जाणार नव्हत्या, बदल्या झाल्या असत्या. पण प्रत्येकाच्या घामाची ती लाइन होती. आप्पांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्याजवळ तोंड उघडून काही मागितलं. "म्याडम, मी असंपर्यंत तरी रूळ उचलू नये. डोळ्यांम्होरं नगं."

ज्या रुळावर गाड्या धावतात त्याचा माथा आरशासारखा चकाकतो. गाडी नसली की आठ-पंधरा दिवसांत तांबूस गंज चढतो. कोणताही रेल्वेवाला सगळ्यात आधी तेच बघतो. आमच्याकडे तर दोन महिने गाडी फिरकली नव्हती. गँगचे मुकादम सलीमभाई, म्हणजे सगळ्यांचे सलीममेट, एका दुपारी माझ्याकडे आले. "म्याडम, साहेबाची जीप फाटकापाशीच थांबनार. तेवढा रूळ विटंनं घासून काढू का? वर डिझेलचा हात मारू. दोन रोजात चमकंल." मला हसू आलं, आणि मी हो म्हटलं. सगळी गँग विटा घेऊन बसली. उत्साह तर असा, की जणू घरच्या लग्नाची भांडी घासायला काढली आहेत. आप्पा परतीच्या वाटेवर तिथं थांबले, चकाकणाऱ्या रुळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "निस्तं फाटकापाशीच? बाकीचा रूळ काय सवतीचा हाय?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, आणि त्यांनी वीटही हातात घेतली नाही.

साहेब आले. जीपमधून उतरले, रुळाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, ट्रॅफिक बरं दिसतंय की!" सलीममेटनी माझ्याकडे बघितलं. मी हातातली फाइल चाळू लागले. तेवढ्यात आप्पा हातोडा खांद्यावरून खाली घेऊन पुढे झाले.

"साहेब, ही चकाकी विटंची हाय. चाकाची न्हाई. दोन म्हैनं गाडी आलेली न्हाई."

जे मागत होते तेच या माणसानं आपल्या हातानं घालवलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. साहेबांनी थंडपणे विचारलं, "कुणी केलं हे?"

"ज्येंनी केलं त्येंचा जीव हाय लाइनीवर," आप्पा म्हणाले. "नाव इचारू नगा. पर साहेब, तुमी हितली चमक बघून खूश होऊन गेलासा, तर म्होरल्या चाव्या कोन बघनार? तीस वर्सं त्येच तर केलंय. उचलायची तर उचला लाइन. पर बघून उचला."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "सर, मी परवानगी दिली होती," मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. रुळावरून ढकलत न्यायची ट्रॉली तयार होती, ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली आणि आप्पांबरोबर पायी निघाले. पूर्ण अकरा किलोमीटर. मी मागून. जाताना वाटेत ते कुठेही हातोडा मागून घेत आणि स्वतः चावी ठोकून बघत. गोदामांपाशी पोचेपर्यंत त्यांचा शर्ट भिजला होता. त्यांनी शेरा लिहिला: रूळ सुस्थितीत, निर्णयापूर्वी मालवाहतुकीची शक्यता तपासावी. मला वेगळं पत्र मिळालं, ते मी कुणाला दाखवलं नाही.

निर्णय काही आला नाही. आप्पा निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांनी रुळावर पाय ठेवला नाही. मी एकदा म्हटलं, चला, थोडं चालून येऊ. तर म्हणाले, "बिगरड्यूटीचा मानूस रुळावर म्हंजी गुन्हा. तुमीच पकडायला पायजे मला." लाइनीच्या कडेच्या पाणंदीनं मात्र ते जात-येत. पुढे पोटाचं दुखणं निघालं आणि तेही थांबलं.

गेल्या हिवाळ्यात वरून कळवलं, की खताची एक पूर्ण भरलेली गाडी चाचणी म्हणून फाट्यावर सोडायची. लाइन भार पेलते की नाही यावरून पुढचं बघू. आदल्या दिवशी ‘लाइन योग्य’ म्हणून सही माझी लागणार होती. नवा चावीवाला रजेवर होता. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण मी आप्पांचा जुना हातोडा स्टोअरमधून काढला आणि पहाटे निघाले. डावा रूळ जाताना, दुसरा येताना. एकटीनं पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी गाडी सावकाश गोदामांपर्यंत गेली, रिकामी होऊन परत आली, रुळाला काही झालं नाही. फाट्याचं काय करायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.

गाडी गेली त्याच संध्याकाळी मी खुटबावला गेले. आप्पा खाटेवर होते, अंगात काही उरलं नव्हतं. ती आमची शेवटची भेट ठरली. पंधरा दिवसांत ते गेले. मी म्हटलं, "आप्पा, गाडी गेली. भरलेली. काही झालं नाही." मला वाटलं, ते विचारतील लाइन राहणार का. त्यांनी विचारलं, "चालत कोन गेलं व्हतं?"

"मी."

"किती चाव्या ढिल्या निगाल्या?"

एकही नाही, असं सांगून त्यांना खूश करायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांची लाइन, त्यांचे अखेरचे दिवस; कुणाचं काय गेलं असतं? पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला ते जमलं नाही.

"सतरा," मी म्हटलं. "आणि दोन ठिकाणी मला कळलं नाही. सलीममेटना बोलावून दाखवलं."

आप्पांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.

"म्हंजी बघितलंय तुमी," ते म्हणाले.