अक्कांच्या अंगणात आठ दिवस

देवघराच्या भिंतीची ओल जाईपर्यंत साखर सोडीन, असं मी मागच्या पावसाळ्यात गणपतीला बोलले. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "नवस तुझा, मग चहा माझा का फिका?" जळगावच्या आमच्या कॉलनीत भिंत दुरुस्त करायला काढा, किस्से आपोआप साठतात!

*

भिंतीची बाहेरची बाजू शेजारच्या अक्कांच्या अंगणात. परांची बांधायची ती तिथेच. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, वय सत्तर. विचारलं, तर म्हणाल्या, "नाही गं बाई! एकदा मिस्त्रीचा पाय पडला की वहिवाट लागते. माझ्या भावाच्या शेतातून असाच रस्ता पडला!"

*

हे तावातावाने वकिलांकडे. "माझ्याच भिंतीला हात लावायचा मला हक्क नाही?"

वकील शांतपणे म्हणाले, "हात लावा हो. पाय कुठे ठेवणार?"

मग म्हणाले, "कोर्टात जाता येईल, पण तोवर आणखी दोन पावसाळे निघतील. त्यापेक्षा लेखी संमती घ्या."

*

उन्हाळ्यात कागद झाला. आठ दिवस, नऊ ते सहा, अंगण होतं तसं करून देऊ, वहिवाटीचा हक्क सांगणार नाही. अक्कांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला आणि एक कलम वाढवलं: 'वाळत घातलेल्या बिबड्या-पापडांवर मिस्त्री सावली पाडणार नाही.'

वकिलांनी कपाळाला हात लावला. मिस्त्री मात्र आठही दिवस ऊन बघून परांची सरकवत होता!

*

आठव्या संध्याकाळी गिलावा पुरा झाला. सहाच्या ठोक्याला अक्कांनी फाटकाला कुलूप घातलं. सायकलवर बसता बसता मिस्त्री म्हणाला, "ताई, आता आठवडाभर दोन्ही वेळ पाणी मारा. नाहीतर या उन्हात सगळं तडकेल."

पाण्याचं कागदात लिहायला आम्ही सगळेच विसरलो होतो! पुन्हा विचारायची हिंमत होईना.

सकाळी पूजेला बसले, तर भिंतीपलीकडे सर्र सर्र आवाज. गच्चीवर धावले. खाली अक्का, पदर खोचून, हातात पाइप!

"अक्का, तुम्ही? मुदत तर संपली ना?"

वर न बघताच अक्का अहिराणीत म्हणाल्या, "कागदमा तुना पायनी मुदत शे. पानीनी कोठे लिखेल शे?" खरंच की, मुदत माझ्या पायांची होती, पाण्याची कुठे लिहिली होती!

तुमच्या अंगणाकडे कुणाची नवी भिंत असेल, तर तुम्हीही एवढं पाणी माराच, बरं का!