बाई, वळा!

१. सोमवारी पहाटे मुलाणी बाई गेल्या.
२. मंगळवारी संध्याकाळी आमच्या जुन्या शाळेत त्यांची शोकसभा झाली.
३. त्या शोकसभेत आमचा वर्ग मुख्याध्यापकांवर ओरडला. सगळे, एकदम.
४. आज सकाळी दिव्याला पहिलीत प्रवेश मिळाला.

आता तपशील.

मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मशीन लावलं की आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. शब्द मी ओठांवरून वाचते. ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत आहे, इथे काहींना नसेल.

चाकणच्या कंपन्यांना लागून आमचं गाव. आई मला पहिलीत घालायला गेली, तेव्हा शाळेतल्या एकांनी सांगितलं, हिला पुण्याला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवा. म्हणजे हॉस्टेल. वय वर्षं सहा.

शेजारी मुलाणी बाई डबा खात होत्या. पुढचं बोलणं आई आजही सांगते.

"हिला तुमचं कळतं का वो?"

"व्हय. माझ्या तोंडाकडं बघून सगळं कळतं."

"मग माझ्या तोंडाकडं बघंल. दिसायला काय मी एवढी वाईट न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या वर्गात.

बाईंचं यातलं कुठलंही ट्रेनिंग झालेलं नव्हतं. त्यांनी बाक अर्धगोलात लावले, म्हणजे मला सगळ्यांचे चेहरे दिसतील. आणि वर्गाला एक नियम सांगितला.

फळ्याकडे तोंड करून बाई बोलल्या, की सगळ्यांनी ओरडायचं. "बाई, वळा!"

बाईंवर ओरडायची परवानगी. पोरांना सणच मिळाला.

संत्या तर टपून बसायचा. बाईंनी खडू उचलला, की हा तोंड उघडून तयार.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाई टेबल धरून उभ्या होत्या. "अरं माणूस हाय मी. पार भोवरा केला माझा."

मग सवय लागली. लिहायचं. थांबायचं. वळायचं. बोलायचं.

फायदा फक्त मला झाला नाही. बिहारहून आलेल्या दोघी बहिणींना मराठी येत नव्हती, त्याही बाईंच्या तोंडाकडे बघून शिकल्या. आणि अर्धगोलात संत्याला लपायला मागचा बाकच उरला नाही, म्हणून तो पास होत गेला. हे त्याचंच म्हणणं.

तो आज कुरुळीच्या एका कंपनीत लाइन लीडर आहे. मी वाकडला डिझाइन इंजिनिअर. मीटिंगमध्ये कुणी स्क्रीनकडे तोंड करून बोलायला लागलं, की मी हात वर करते आणि सांगते, वळा.

आता दिव्या.

दिव्या सहा वर्षांची. वडील परभणीकडचे, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. तिच्या कानात माझ्यासारखंच मशीन. शाळा सुरू झाली, पण ती घरीच. आमच्या जुन्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणत होते, "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही. पोरीचंच नुकसान होईल."

बाईंच्या सांगण्यावरून मी त्यांना भेटले. कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही, हे सांगितलं.

"नाकारत कुठे आहोत मॅडम? विचार करतोय."

मागच्या रविवारी बाईंना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला एक शब्द कळेना.

बाईंनी मास्क खाली ओढला. नर्सने परत लावला. बाईंनी परत ओढला आणि नर्सला म्हणाल्या, "तिला दिसाया पायजे."

मग माझ्याकडे वळून, "त्या पोरीचं काय झालं?"

मी सांगितलं, अजून नाही.

बाई माझ्याकडे बघू लागल्या. नुसत्या बघत राहिल्या. हे शाळेतही असंच असायचं. याचा अर्थ, गृहपाठ झालेला नाही.

मंगळवारी शोकसभा. टेबलावर बाईंचा फोटो. आमचा जवळजवळ सगळा वर्ग आला होता, काहीजण शिफ्टवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. दिव्याचे वडीलही तिला घेऊन आले होते. मी पुढच्या रांगेत, दिव्या माझ्या शेजारी.

मुख्याध्यापक बोलायला उठले. फोटोसमोर उभे राहिले आणि फोटोलाच उद्देशून बोलू लागले. आमच्याकडे पाठ.

मी एक शब्दही वाचू शकले नाही. दिव्याही नाही.

अचानक मोठा आवाज आला. आवाज कळला, शब्द नाही. सर दचकले. मी मागे पाहिलं. संत्या उभा होता. त्याच्या मागे सगळे उभे. सगळ्यांच्या ओठांवर एकच.

"सर, वळा!"

बाईंचा मुलगा रडता रडता हसायला लागला.

सर वळले. गोंधळले होते. संत्याने दिव्याकडे बोट दाखवलं. "सर, तिला दिसत न्हाई."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्यापासून भाषण केलं. सावकाश, तिच्याकडे तोंड करून. दिव्या त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मध्येच सर म्हणाले, "मुलाणी बाई सगळ्यांना खूप आवडायच्या." दिव्या मोठ्याने म्हणाली, "मला पण बाई पाहिजे."

सभेत एकदम शांतता झाली असावी. कुणाचेच ओठ हलत नव्हते.

मी उठले. "सर, आत्ता तुम्ही जे केलंत, तिथून सुरुवात होते. स्पेशल टीचर आपण मागूच. पण तो येईपर्यंत ती घरी बसणार नाही."

सर दिव्याच्या वडिलांकडे वळले. मग म्हणाले, "उद्या सकाळी घेऊन या."

आज सकाळी दिव्या वर्गात बसली. पहिलीच्या बाईंनी फळ्याकडे तोंड करून तारीख वाचली, आणि दिव्याच ओरडली. तिच्या वडिलांनी दारातून व्हिडिओ काढलाय. मी तो अनेकदा पाहिला.

बाई, गृहपाठ झाला.
तुमच्या वर्गाचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.

वर्गातल्यांसाठी: शनिवारी सकाळी पहिलीचे बाक अर्धगोलात लावायचे आहेत. सरांची परवानगी घेतली आहे. कोण येणार, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत खाली कळवा.

फोन करू नका. लिहा.