बाबा ऑनलाइन आहेत

मागे एका रविवारी दुपारी कोलकात्यातल्या बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये भांडी घासत होते, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. लग्नाच्या साइटवरून, इथून जवळच्याच बजबजच्या ऑइल डेपोत नोकरीला असलेल्या एका मराठी मुलाचा. 'काल तुमच्या बाबांशी बोलणं झालं. तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे म्हणाले, तर बाहेरच कुठेतरी भेटू या का?'

बाबांना जाऊन वर्ष होत आलंय. आणि कोलकात्यात ते कधी आलेच नव्हते... बँकेने माझी इथे बदली केली तीच मुळी ते गेल्यावर.

लिफ्ट मात्र खरंच बंद होती. मी ओल्या हातांनी तशीच खुर्चीवर बसले.

थोडं मागचं सांगते. साइटवरचं माझं प्रोफाइल बाबांनी काढलेलं. फोटो त्यांनी निवडलेला, पासवर्ड त्यांचा, आणि मुलांच्या वडिलांना लांबलचक मेसेज लिहिणारेही तेच... शेवटी 'कळावे, लोभ असावा'सकट.

मी तिकडे ढुंकूनही बघत नसे. मी आपली डेटिंग अ‍ॅप्सवर. तिथे माणूस आठवडाभर नुसतं 'हाय' करतो आणि मग विचारतो, 'तू फार सीरियस नाहीयेस ना?' एकीकडे भेटायच्या आधी पत्रिका हवी, दुसरीकडे भेटून झालं तरी आडनाव नको. दोन्हीकडे वैतागच.

तर म्हटलं, हे प्रोफाइल आजच बंद करून टाकू. मेसेजमधली लिंक दाबून साइट उघडली तर ओळखूच येईना. मध्यंतरी सगळी नव्याने रंगवून ठेवलीये. शिक्षण, नोकरी, गोत्र पार तळाशी आणि वर एक गुलाबी गोल, 'आज तुमचा मूड काय?' अहो, मूड गेला खड्ड्यात, बंद करायचं बटण कुठे लपवलंय ते सांगा आधी.

हे दाब, ते दाब करता करता एक पान उघडलं. माझ्या फोटोखाली बाबांचा छोटा फोटो होता, पासपोर्टसाठी काढलेला. शेजारी हिरवा ठिपका. 'वडील. आत्ता ऑनलाइन.'

मी बघत असतानाच खाली तीन टिंबं हलायला लागली... 'बाबा लिहीत आहेत.'

खोटं कशाला सांगू, घाबरले. भर दुपारी, खाली ट्रॅफिकचा गोंगाट चालू असताना, मला मागे वळून बघायचीसुद्धा हिंमत होईना. आणि मग आतल्या खोलीतून आवाज आला... टिक, टिक, टिक. फोनवर सावकाश टाइप करताना येतो तसा.

आत आई पलंगावर बसली होती. नाकावर चष्मा, हातात बाबांचा जुना फोन. भजनं ऐकायला लागतो म्हणून ती तो जवळ ठेवते, असं मी धरून चालले होते. मला बघून ती दचकली नाही की काही नाही. फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

स्क्रीनवर वरच बारीक अक्षरांत खुलासा होता. नव्या साइटवर 'पालक मदतनीस' आलाय. पालकांचे जुने मेसेज वाचून तो त्यांच्याच भाषेत आपणहून उत्तरं देतो. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आपला आपणच चालू झाला होता.

आईने तो पहिल्यांदा उघडला तो साइटवाल्यांना कळवायला. तिने लिहिलं होतं, 'हे आता नाहीत.' बाबांच्या फोटोशेजारी उत्तर आलं होतं, 'मी इथेच आहे. जेवण झालं का?'

तेव्हापासून रोज दुपारी ती त्याच्याशी बोलत होती. लिफ्ट बंद आहे, गुडघा धरलाय, खालच्या दुकानदाराला माझं हिंदी कळत नाही... 'ही उशिरा येते. दमलेली असते. मी काही बोलत नाही.' यातलं एकही वाक्य तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि लिफ्टचं त्या मदतनीसाने जाऊन बजबजच्या मुलाला सांगितलं होतं.

वाचताना माझाही गोंधळ उडायला लागला. वाक्यं बाबांचीच होती, तोच सूर, तेच 'कळावे'. मी घाईघाईने विचारलं, 'आई, हे बाबा नाहीत. कळतंय ना तुला?'

'कळतं की,' आई म्हणाली. 'तुझे बाबा जन्मात कधी विचारायचे नाहीत, जेवण झालं का म्हणून. हा रोज विचारतो. म्हणून तर बोलते.'

बंद करायचं बटण त्याच पानावर, अगदी तळाशी सापडलं. अंगठा त्यावर ठेवला आणि उचलला. आईचं रोज दुपारचं एवढं एकच बोलणं होतं, आणि ते मी तोडणार होते.

त्या मुलाला खरं काय ते कळवून टाकलं. त्याचं उत्तर आलं, 'पण काका फार आपुलकीने बोलले हो.' पुढे आम्ही दोघांनीही काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये ब्रँचमधून आईला फोन लावला. काही काम नव्हतं. 'जेवलीस का?' एवढंच विचारलं.

'जेवले,' ती म्हणाली. 'आज तू आधी विचारलंस.'

आता रोज फोन करते. हे शिकायला मला असल्या साइटची गरज पडली, याची लाज वाटते आणि उपकारही वाटतात, दोन्ही. पण कधी मीटिंग लांबते, कधी काउंटरवरून हलता येत नाही... आणि मी फोन लावेपर्यंत त्या मदतनीसाचं विचारून झालेलं असतं.