पुन्हा कोरलेली रेघ

गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड येते, दगड तापतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. मग वरचा दगड उतरवून त्याला टाकी लावायची. म्हणजे झिजलेल्या खाचा छिन्नीने एकेक करून पुन्हा खोल करायच्या. आमच्या गिरणीवाल्याने तीस वर्षे हे काम स्वतःच्या हाताने केले. बाहेरच्या माणसाला त्याने कधी दगडाला हात लावू दिला नाही.

दुपारी गिरणी थंडावली की हाच माणूस कोपरापर्यंत हात धुऊन भिंगाखाली अमेरिकेची जुनी टपाल तिकिटे पाही. तीही एकाच जातीची: एक सेंटची, निळी, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. लांबून सगळी सारखी. मध्ये एका गृहस्थाचे डोके, भोवती वेलबुट्टी. जवळ जावे तर एकाची वरची रेघ अखंड, दुसऱ्याची मध्येच तुटलेली, तिसऱ्याच्या खालच्या वेलीचे टोकच नाही. एका पोलादी पाटीवर दोनशे ठसे उमटवायचे, त्यात काहींच्या कडा अपुऱ्या राहिल्या. पुढे कारागिराने त्यातल्या कित्येक रेघा हाताने पुन्हा कोरल्या. हे सगळे गिरणीवाल्याला पुस्तकातून कळले, पण पटले ते मनगटाला.

गल्ल्यावर बसलेली बायको म्हणे, "यांनी मला भिंगातून पाहिलं नाही हे नशीब. नाहीतर कुठल्या प्रकारात टाकली असती कोण जाणे!"

अकरा वर्षांत बारा तिकिटे जमली. फाटक्या कोपऱ्यांची, शिक्क्याने काळवंडलेली, पण प्रत्येकाची रेघ वेगळी. त्यांचा एक तक्ता वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. आदल्या दिवशी तो बायकोला घेऊन वाचनालयात तक्ता लावायला गेला, तिथे परीक्षक बाई आल्या. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी नवव्या तिकिटावर बोट ठेवले.

"काका, ही वरची रेघ पेनाने ओढलेली दिसतेय. कुणीतरी तुटकी जोडलीय. एवढं काढून टाका, मग तक्ता लागेल."

"आणि नाही काढलं तर?"

"तर सगळा तक्ता बाद."

"मग बाद करा. पण आधी नीट बघा."

जन्मभर टाकी चालवलेल्या माणसाला कोरलेली आणि ओढलेली रेघ ओळखता येत नाही, असे कबूल करून त्याला भिंतीवर जागा नको होती.

त्याने पडदे ओढले. बायकोच्या हातात बॅटरी दिली आणि ती कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरायला लावली. "छापलेली रेघ म्हणजे शाईचा बारीक बांध. तिची सावली पडते. पेनाची शाई कागद पिऊन टाकतो. आता टोक बघा. कोपऱ्याच्या बाहेर गेलीय. सुरुवातीला कोरणाऱ्याचा हात जपून असतो, शेवटी घसरतो. माझाही घसरतो."

बाई बराच वेळ भिंगावर वाकून राहिल्या. "सावली पडतेय रेघेची," त्या म्हणाल्या. "माझीच चूक. लावा तक्ता."

"झालं ना? हात भरून आला माझा," बायको म्हणाली.

"थांब जरा. पडदे ओढलेले आहेत तोवर बाकीचीही बघून घेतो."

अकराव्यापाशी तो थांबला. हे त्याचे लाडके तिकीट, सहा वर्षांपूर्वी मिळालेले. खालची रेघ दोरी लावून आखल्यासारखी. त्याने बॅटरी इकडून धरायला लावली, तिकडून धरायला लावली. सावली पडेना. बाई शेजारच्या टेबलावर सही करत होत्या. तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळले नसते.

त्याने चिमटा घेतला आणि तिकीट काढले.

"बाई, हे मात्र पेनाचं."

"अहो, मी तर हे पास केलं होतं!"

"तुम्ही आज एकदा केलंत. मी सहा वर्षं रोज करत होतो. फार सरळ होती रेघ. तेव्हाच शंका यायला हवी होती."

"त्या जागी दुसरं काही लावता?"

"नाही."

रिकाम्या चौकटीखाली त्याने ठळक अक्षरात लिहिले: 'इथली रेघ पेनाची निघाली. ओळखायला सहा वर्षे लागली.'

दुसऱ्या दिवशी लोक त्या चौकटीपाशीच जास्त रेंगाळले. गिरणीवाला दिवसभर तिथून हलला नाही. काढलेले तिकीट त्याने नवव्याच्या शेजारी धरले होते, आणि जो विचारील त्याच्या हातात तो बॅटरी देई.

"आधी तुम्ही सांगा, कोणती खरी. मग मी सांगतो."