परबताई आणि चाळीचे घोटे

परबताई कोणाच्याही घरी गेल्या, की आत शिरण्याआधी दाराबाहेरच्या चपला उलट्या करून बघत. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे त्या येताना दिसल्या की बायका घाईघाईने चपला आत ओढत. परबताईंना भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे, एवढंच त्यांना बघायचं असे. "बाहेरून झिजलीय. हा माणूस घोटा मुरगाळणार," असं जाहीर करून त्या आत येत आणि चहा मागत. शेजारच्या कुंदाच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचे बूट असेच तपासले. वरपक्ष बघतच राहिला. पुढे कुंदाचं आणि तिच्या सासूचं एकदाही वाजलं नाही, पण बाईंना त्याचं श्रेय कोणी दिलं नाही.

म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. त्या शुद्ध मराठीत बोलत तोवर काळजी नसे. मालवणी सुरू झाली की समोरच्याने समजून घ्यायचं. आम्ही चाळीतल्या मुलींनी दहीहंडीचं पथक काढलं, तेव्हा त्यांनी स्वतःची नेमणूक स्वतःच केली. "थर तू बघायचे. घोटे माझे," असं त्यांनी आमच्या प्रशिक्षक सुजाताला बजावलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी एका पायावर उभं राहून दात घासायचे, असा हुकूम निघाला. "तोल घोट्यात असतो. तो रोज शिकवावा लागतो. पाय बदला, तोंडातला फेस नंतर थुंका." गॅलरीत आम्ही रांगेने डुलत असायचो. आधी हसणारे पुरुषही हळूच सामील झाले. दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका तर एका पायावर उभं राहून पेपर वाचायला लागले, आणि काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

मी सगळ्यात खालच्या थरात. खांद्यावर मुली घेऊन पाय रोवून उभं राहायचं, हे माझं काम आणि माझा तोरा. माझा घोटा मुरगळला तोही थर लावताना नाही. थर सुखरूप उतरला, आपण सगळ्यांबरोबर मोबाइलच्या व्हिडिओत यावं म्हणून मी मागे सरकले आणि पेव्हर ब्लॉकच्या कडेवरून पाय आत वळला. घरी येईपर्यंत घोट्याचा बटाटेवडा झाला होता. आईने आंबेहळद गरम करून लेप लावायला घेतला, मावशी तेल चोळायला बसली, कोणीतरी अंगठा ओढायला लागलं. तेवढ्यात परबताई आल्या.

"कोणी तेल लावलंन गो? माणसाचो पाय हा की बांगडो?" त्यांनी लेप पुसून काढला. ताज्या सुजेला शेक नको, चोळणं तर मुळीच नको, हे त्यांनी आईला ऐकवलं. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंचं हाड दाबून पाहिलं, मला चार पावलं टाकायला लावली. "हाडावर दाबून दुखलं असतं किंवा पाऊल टाकता आलं नसतं, तर लगेच एक्स-रे. हे लिगामेंटचं आहे. पाय वर, पट्टी, बर्फ." घरातल्या फ्रीजमधला बर्फ पुरेना, म्हणून त्यांनी खाली बसणाऱ्या कोळीणमावशीच्या पेटीतला बर्फ आणला. सूज उतरली, पण पायाला पापलेटचा वास लागला आणि चाळीतली तीन मांजरं माझ्या फडक्यात बांधलेल्या घोट्याशी अत्यंत प्रेमाने बसून राहिली. मी दुखणं विसरून हसत होते.

दुखणं कमी झाल्याबरोबर त्यांनी मला हलवायला सुरुवात केली. पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची, क पासून. पहिल्या दिवशी घ लाच घाम फुटला. मग जुन्या सायकलच्या ट्यूबला पाऊल अडकवून ओढायचं, मग चवड्यांवर उभं राहायचं, मग एका पायावर उड्या. पायाने सगळं केलं. पण चाळीसमोरच्या मैदानात सरावाला उभी राहिले आणि वरच्या मुलीने खांद्यावर पाय ठेवला, की मी "उतर, उतर" म्हणून ओरडायचे. घोटा दगा देईल, माझ्यावरच्या पोरी खाली येतील, एवढंच डोक्यात. सुजाताने स्पष्टच सांगितलं, "परवा हंडी आहे. आज उभी राहिलीस तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घेते." तिचं बरोबर होतं. मला रडू यायला लागलं.

परबताईंनी माझा पाय पुन्हा सगळीकडून फिरवून पाहिला. "घोटो बरो झालो. मेंदवाक अजून कोणी सांगूक नाय," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचला. "बस खाली. मी चढतंय."

सुजाता "अहो ताई, तुमचं वय..." म्हणेपर्यंत बाईंनी तिला आणि आणखी चौघींना भोवती उभं केलं होतं. त्या माझ्या खांद्यावर बसल्या आणि मी उठले. कशी उठले, देव जाणे. "गुडघे थोडे वाकव. श्वास घे. वजन दोन्ही पायांवर," वरून सूचना येत होत्या. मग सूचना थांबल्या. "अगो बाय, हयसून सगळाच दिसता गो. सावंतांची बायको कपडे वाळत घालतेय. नमस्कार, सावंतवहिनी!" आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय बघत खाली बसलेली ही बाई पहिल्यांदाच वर गेली होती आणि उतरायचं नाव घेईना. त्या हसायला लागल्या, त्यांचं हसणं माझ्या मानेतून खाली उतरलं, मी हसायला लागले, धरून उभ्या असलेल्या पाचही जणी हसायला लागल्या. गॅलरीतून टाळ्या पडत होत्या. सगळ्यांनी मिळून त्यांना उतरवलं तेव्हा माझा टी-शर्ट घामाने भिजला होता आणि पोट हसून दुखत होतं.

आता त्या कणकवलीला लेकीकडे राहतात. त्यांची फार आठवण येते. त्या दिवशी उतरल्यावर त्यांनी पदर सारखा केला, दम खाल्ला आणि मला विचारलं, "कुठला पाय दुखावला होता गो तुझा?"

मी दोन्ही पायांकडे पाहिलं. मला आधी आठवेचना. परबताईंनी सुजाताकडे बघून मान डोलावली आणि त्या म्हणाल्या, "घे हिला."