हाकमावशी

शाळेत सगळे तिला हाकमावशी म्हणायचे. कागदावर ती अर्धवेळ सफाई कामगार, पण तिचं खरं काम सकाळी सातला सुरू व्हायचं. शाळेमागच्या खोल्याखोल्यांतून फिरून पोरं गोळा करायची. आवाज असा, की झोपलेला उठेल आणि जागा असलेला बाहेर येऊन भांडेल. कमरेला कंगवा खोचलेला. "आज पोर आजारी आहे हो," असं कोणी म्हटलं की ही उंबऱ्यावरच फतकल मारायची. "बसले मी. ताप बघितल्याशिवाय उठत नाही." निम्म्या पोरांचा ताप तेवढ्यानंच उतरायचा.

मी दुसरीची बाई. वर्गात एक्केचाळीस पोरं. खरं सांगते, त्यातली पंधरा तरी मावशीमुळे यायची, माझ्या शिकवण्याच्या ओढीनं नव्हे.

त्या पंधरांतली एक मुलगी. वय सात, पण आख्खी गल्ली तिला ताई म्हणायची, कारण कडेवर कायम धाकटा भाऊ. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात, बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाळाला सांभाळणार कोण? मावशीनं मग बाळालाही उचललं. ते झाडू-बादल्यांच्या खोलीत मावशीच्या मांडीवर झोपायचं आणि ताई माझ्यासमोर ओळीवर बोट ठेवून वाचायची. अडखळत, घामाघूम होत. पण सहा महिन्यांत पोरगी जोडाक्षरांवर आली!

आणि मग वरून सुधारणा आली. सुधारणा मेली नेहमी वरूनच येते! हजेरी फोनवर घ्यायची, पोर आलं नाही की पालकांना आपोआप निरोप जाणार. मग दारोदार फिरायला माणूस कशाला? मावशीचं काम बंद, कागदावरची सफाईची जागाही गेली.

मी मोठ्या सरांशी कडाकडा भांडले. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, माझ्या हातात असतं तर..." त्यांच्या हातात फक्त चष्मा होता.

मावशी एवढंच म्हणाली, "फोन उंबऱ्यावर बसेल का हो, बाई?" पुढचा आठवडाभर ती तशीच फुकट फिरली. पण पोटाला कोण समजावणार? शेवटी लांबच्या दवाखान्यात फरशी पुसायचं काम मिळालं, पहाटेच्या पाळीचं. ती गेली त्या दिवसापासून ताई यायची बंद झाली.

रविवारी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "मला काय कळत नाही का, बाई? पण याला कुठं ठेवू? तुम्ही घेता?" वाटेत घोकून आणलेला सगळा उपदेश मी गिळला. एक्केचाळीस पोरांपुढे बाळ घेऊन मी उभी तरी कशी राहणार? ताई भिंतीला टेकून बाळाला थोपटत होती. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारी रोजच्यासारखा माझ्या फोनवरून ताईच्या घरी निरोप गेला. 'आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.' मधल्या सुट्टीत त्याच नंबरवरून माझ्या फोनवर उत्तर आलं. 'हो बाई. मला माहीत आहे. बाळ झोपलं की मी धडा वाचते.'

कारखान्यात फोन नेऊ देत नाहीत, म्हणून आई तो घरीच ठेवून जाते. ताई शाळेत आली नाही, हे आमची सुधारणा रोज ताईलाच कळवत होती. संताप आला, आणि काढणार कुणावर?

संध्याकाळी बसथांब्यावर मावशी भेटली. पहिला प्रश्न, "ताई येते ना?" मी फोन पुढे केला.

"अहो, मला कुठं वाचता येतं? तुम्हीच वाचा."

मी वाचलं.

"कुणी लिहिलं हे?"

"तिनंच."

"तिचं तिनं? आलं की हो पोरीला!" रांगेतल्या एका अनोळखी बाईलासुद्धा तिनं तो फोन दाखवला. "आमची ताई! दुसरीत आहे!" मग बसच्या पायरीवर चढता चढता वळून म्हणाली, "एवढं येतंय म्हटल्यावर आई आता पाठवेलच. उद्या येईल ना?"

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईच्या नावापुढे गैरहजर दाबलं, आणि निरोप गेला.